मार खाणाऱ्या पोराची गोष्ट: कराटे किड, ३६ चेंबर आणि आपण अजून हे का बघतो?

सांजवारा (धागाकर्ता)

शनिवारी रात्री झोप येईना म्हणून टीव्ही लावला तर 'द कराटे किड' चालू होता, १९८४चा, जुनाच. म्हटलं दहा मिनिटं बघू आणि झोपू, पण संपेपर्यंत जागचा हललो नाही. पंधरा वेळा तरी पाहिला असेल मी हा सिनेमा, कोण जिंकणार ते पाठ आहे, संगीत कुठे चढणार तेही पाठ आहे, तरी तो पोरगा दुखावलेल्या पायाने मॅटवर परत येऊन दोन्ही हात पसरून एका पायावर उभा राहिला की अंगावर काटा येतो म्हणजे येतोच. रविवारभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: डॅनियल आईबरोबर न्यू जर्सीहून लॉस एंजलिसला राहायला येतो. वडील नाहीत, आईची नवी नोकरी, घर साधंसंच. तिथल्या कोब्रा काई नावाच्या कराटे क्लासची खात्यापित्या घरची पोरं त्याला धरून धरून मारतात. बिल्डिंगमधले नळबिळ दुरुस्त करणारा एक जपानच्या ओकिनावा बेटावरचा म्हातारा, मियागी, त्याला शिकवायचं कबूल करतो. बस, एवढीच गोष्ट.

माझं म्हणणं असं की शेवटची मॅच हे निमित्त आहे, खरा सिनेमा मधल्या त्या चार दिवसांत आहे. मियागी त्याला आधी जुन्या गाड्या धुवायला आणि पॉलिश करायला लावतो, उजव्या हाताने गोल फिरवून लावायचं, डाव्या हाताने गोल फिरवून पुसायचं, श्वास नाकाने आत, तोंडाने बाहेर. दुसऱ्या दिवशी लाकडी फरशी घासायची. मग कुंपण रंगवायचं, मनगट वर, मनगट खाली. मग अख्खं घर, आडवा हात. आणि घर रंगवायच्या दिवशी म्हातारा चक्क मासे पकडायला निघून गेलेला असतो. रात्री तो परत आल्यावर पोरगं भडकतं, की मी तुझा गडी आहे का, चार दिवसांत काय शिकवलंस मला. खांदा वर होत नसतो त्याचा. मियागी तळहात एकमेकांवर घासून त्याच्या खांद्यावर दाबून धरतो आणि म्हणतो, दाखव, फरशी कशी घासलीस. हात जरा चुकतो, तो नीट करून देतो. गाडी कशी पुसलीस, दाखव. कुंपण. घर. आणि मग एकदम ठोसे मारायला लागतो, आणि पोराचे हात आपोआप ते ठोसे अडवायला लागतात. शेवटी लाथ येते, तीही अडते. दोघं थांबतात. डॅनियलचा चेहरा बघा तिथे. म्हातारा वाकून नमस्कार करतो, उद्या ये म्हणतो आणि घरात निघून जातो.

मी सातवीत होतो तेव्हा वर्गातली दोन मुलं रोज माझा डबा काढून घ्यायची. घरी सांगायची लाज वाटायची. त्या वर्षी शेजारच्यांकडे भाड्याने व्हीसीआर आणलेला तेव्हा हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला. मारामारी शिकावी असं वाटलंच, पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की आपल्यासाठी एवढा वेळ काढणारा एक मोठा माणूस हवा होता. तुम्हाला काय वाटतं? कुठले सिनेमे, आणि नेमकं काय धरून ठेवतं?

जुनी_कॅसेट

धागा मनापासून आवडला पण पहिल्याच मुद्द्याला माझा विरोध. आमचं बालपण इचलकरंजीतलं. यंत्रमागावरची दुसरी पाळी सुटली की कामगार सरळ व्हिडिओ पार्लरमध्ये, पत्र्याची खोली, एक टीव्ही, बाकडी. सिनेमा हाँगकाँगचा, आवाज इंग्रजी डबिंगचा, आणि खोलीतल्या कोणालाही इंग्रजी येत नाही. ट्रेनिंग सुरू झालं की निम्मी माणसं बिडी ओढायला बाहेर यायची आणि "आला रे, आला" अशी हाक आली की आत पळायची. त्यांना शेवटची फाइटच हवी होती. दिवसभर शेठ आणि मुकादमाचं ऐकून घेतलेल्या माणसाला कोणीतरी कोणालातरी फोडलेलं बघायचं असतं, त्यात काही कमीपणा नाही.

'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) लागला की तो प्रसंग यायचा, बागेच्या दारावर पाटी, कुत्र्यांना आणि चिन्यांना प्रवेश नाही. ब्रूस ली हवेत उडी मारून लाथेने ती पाटी तोडतो. पाटी वाचता न येणारी माणसंसुद्धा शिट्ट्या मारायची. त्यांना काय लिहिलंय ते कोणी सांगावं लागलं नाही.

एक अपवाद मात्र आठवतो. 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' (१९७८). त्यात जॅकी चॅन अनाथ पोरगा, कुंग फू शाळेत फरशी पुसतो आणि बाकीचे विद्यार्थी त्याला मारायच्या सरावासाठी वापरतात. एक म्हातारा भिकारी त्याला शिकवतो. भाताचा वाडगा म्हातारा हातात फिरवत राहतो आणि पोराला तो काही केल्या हिसकावून घेता येत नाही. ते चालू असताना कोणी बाहेर गेलेलं मला आठवत नाही.

निळी_सायकल

+१ दोघांनाही. नानचाकू कोणी कोणी बनवला होता? आम्ही लाठीचे दोन तुकडे आणि सायकलची जुनी चेन वापरली होती, कपाळावर अजून खूण आहे माझ्या.

लालमाती

मी कोल्हापूरचा, तालमीत वाढलेला. सांजवारा, तुमचे ते चार दिवस वाचून मला तालीमच आठवली. नवीन पोरगं तालमीत आलं की त्याला कोणी पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही. पहाटे हौदा उकरायचा. लाल माती, त्यात ताक, हळद, तेल, लिंबू घातलेलं, ती खोऱ्याने खालवर करायची, ढेकळं फोडायची, परत सारखी करायची. मग पाणी भरायचं. मोठ्या पैलवानांचं अंग रगडायचं. मला वाटायचं ही सगळी चाकरी आहे. दोन महिन्यांनी पहिल्यांदा जोड धरली तेव्हा समोरच्याची मान धरल्यावर हात सुटेना माझा, आणि वस्ताद बाजूला बसून फक्त "हं" म्हणाले. ते "हं" मी आयुष्यात विसरणार नाही.

म्हणून मला तो सिनेमा परका वाटलाच नाही. आपल्याकडे म्हणतात वस्ताद एक डाव राखून ठेवतो. मियागी राखून ठेवत नाही, हा एक फरक.

आणि कमजोर बाजूच्या माणसाची गोष्टच काढली आहे तर खाशाबा जाधवांचं नाव यायलाच पाहिजे. कराडजवळचं गोळेश्वर. १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेही मातीत खेळलेला माणूस मॅटवर उतरून. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. माणूस कांस्य घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गावाने बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. सिनेमातल्या मास्तराने पोराला पिवळी गाडी दिली, इथे मास्तराने घर दिलं.

मधुमालती

लालमाती दादा, शेवटची ओळ वाचून डोळे भरले.

मी थोडं वेगळं मांडते. मला या सिनेमांचा बरीच वर्षं राग होता, कारण मुलगी असली की ती बाजूला उभी राहून टाळ्या वाजवणार हे ठरलेलं. मग १९९४चा 'द नेक्स्ट कराटे किड' पाहिला, त्यात मियागी एका मुलीला शिकवतो. सिनेमा म्हणून तो खूप चांगला आहे असं मी म्हणणार नाही, पण ती हिलरी स्वँक होती, आणि दहा वर्षांनी त्याच बाईने बॉक्सिंगच्या सिनेमात ऑस्कर घेतला. मी तेव्हा नववीत होते. त्या मुलीचा चेहरा सतत रागावलेला असायचा आणि तिला कोणी "हस जरा" म्हणत नव्हतं, तेवढं मला पुरलं.

पण मोठी झाल्यावर पहिला भाग परत पाहिला तेव्हा मला दिसलं की ही गोष्ट एका पोराची नाहीच, दोन मास्तरांची आहे. कोब्रा काईचा क्रीझ पोरांना शिकवतो की दया दाखवायची नाही. स्पर्धेत तो आपल्याच एका विद्यार्थ्याला सांगतो, जा आणि त्या मुलाला जायबंदी कर. ते पोरगं करतं, बाद होतं, आणि जमिनीवर पडलेल्या डॅनियलची माफी मागत राहतं. मग फायनलला डॅनियलसमोर उभ्या असलेल्या आपल्या जॉनीला सांगतो, दुखऱ्या पायावर मार. तेव्हा जॉनीच्या तोंडाकडे बघा. त्याला नको आहे ते. तो करतो कारण मास्तर म्हणाले. दोन्ही पोरांना बाप धड नाही, दोघांना मास्तर मिळाला, फरक एवढाच की कोणता मिळाला. जॉनी नंतर स्वतः ट्रॉफी उचलून डॅनियलच्या हातात देतो, त्या दोन सेकंदांसाठी मी तो सिनेमा बघते.

एडिसनवाला

न्यू जर्सीत राहतो, डॅनियल ज्या न्यूअर्कमधून निघतो ते इथून तासाभरावर सुद्धा नाही. मुलगा कराटेला जातो आणि क्लासच्या बाहेर गाडीत बसून हे लिहितोय.

दोन गोष्टी सांगायच्यात कारण त्या कळल्यापासून मला सिनेमा वेगळाच दिसतो. एक म्हणजे पटकथा लिहिणारा रॉबर्ट मार्क केमन. १९६४मध्ये, सतरा वर्षांचा असताना, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरनंतर एका टोळक्याने त्याला मारलं. म्हणून तो मार्शल आर्ट शिकायला गेला. पहिला मास्तर नुसता बदला आणि मारहाण शिकवणारा मिळाला, ते त्याला पटलं नाही, मग तो ओकिनावाच्या गोजू र्यू या कराटेच्या प्रकाराकडे वळला. म्हणजे मधुमालती म्हणतात ते दोन मास्तर लेखकाने स्वतः पाहिलेत. मियागी हे नावसुद्धा गोजू र्यूचे संस्थापक चोजुन मियागी यांच्यावरून घेतलंय.

दुसरी गोष्ट मियागी झालेल्या पॅट मोरिटाची. हा माणूस कॅलिफोर्नियात जन्मलेला, घरच्यासारखं अमेरिकन इंग्रजी बोलणारा, ते मोडकं इंग्रजी हा अभिनय आहे. दोन वर्षांचा असताना त्याला मणक्याचा क्षय झाला आणि नऊ वर्षं तो हॉस्पिटलमध्ये पडून होता. चालायला लागला आणि अकराव्या वर्षी हॉस्पिटलमधून थेट छावणीत, कारण दुसरं महायुद्ध चालू होतं आणि अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना डांबून ठेवलं होतं. पुढे तो विनोदी कार्यक्रम करायचा, टीव्हीवरच्या विनोदी भूमिकेसाठीच लोक त्याला ओळखायचे.

आता तो प्रसंग आठवा. मियागी रात्री सैनिकी गणवेश घालून दारू पीत बसलाय. डॅनियल येतो. म्हातारा बडबडतो, लग्नाचा वाढदिवस आहे. मग तो झोपल्यावर पोराला कागद सापडतो, की हा युरोपात अमेरिकेसाठी लढत होता तेव्हा इकडे मान्झनारच्या छावणीत याची बायको आणि मूल बाळंतपणात गेलं. आणि पेटीत शौर्यपदक. स्टुडिओला हा प्रसंग कापायचा होता, कथा थांबते म्हणून. दिग्दर्शक जॉन अॅव्हिल्डसन अडून बसला आणि प्रसंग राहिला, मोरिटाला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. छावणीत राहून आलेला माणूस ते बोलतोय, आणि कोणाला सांगत नाहीये, स्वतःशी बडबडतोय. माझ्या मते सगळ्यात मोठा मार खाल्लेला माणूस तो म्हातारा आहे, पोरगा नाही.

निळी_सायकल

हे माहीत नव्हतं. बापरे.

काळापट्टा

वीस वर्षं शिकवतोय ठाण्यात, म्हणून थोडं कामाचं बोलतो. पॉलिशचा तो गोल हात खरा आहे, गोजू र्यूमध्ये मावाशी उके म्हणून गोल फिरवून अडवायची पद्धत असते, तो तिच्या जवळचा आहे. पण चार दिवसांत कोणाचेही हात आपोआप चालत नाहीत. आमच्याकडे नवीन मुलाला मी कितीतरी आठवडे नुसतं उभं राहायला शिकवतो, सांचिन दाची, पाय किंचित आत, गुडघे वाकवून, पोट घट्ट, आणि मी मागून येऊन खांद्यावर थाप मारणार, हललास तर परत. आई-बाप विचारतात, सर, लाथा कधी? आणि ती एका पायावरची क्रेन किक, ती स्पर्धेत कोणी करू नये, दोन मैलावरून समजतं तुम्ही काय करणार ते.

हे सिनेमे आले की क्लासला गर्दी होते हे मी स्वतः बघितलंय. २०१०चा जॅकी चॅनवाला आला तेव्हा एका महिन्यात चाळीसेक मुलं आली, तो तर कराटे नाहीच, बीजिंगमधला कुंग फू आहे, जॅकेट काढ, टांग, घाल, परत काढ. दिवाळीपर्यंत त्यातली सहा उरली. पण त्या सहातला एक मुलगा आज माझ्याबरोबर शिकवतो. पहिल्या दिवशी तो रडत आला होता, शाळेत त्याला बोलताना अडखळतो म्हणून चिडवायचे. अजूनही अडखळतो. मुलं त्याच्यासमोर मात्र गप्प उभी राहतात आणि तो वाक्य पूर्ण करेपर्यंत थांबतात.

रात्रपाळी

सगळं मान्य पण क्रेन किक फाउल होती. चेहऱ्यावर मारलं सरळ सरळ.

एडिसनवाला

हा वाद जॉनीने स्वतःच 'कोब्रा काई' सिरीजमध्ये घातलाय :) पण त्याच स्पर्धेत बाकीच्यांनीही तोंडावर मारलेलं दिसतं आणि गुण मिळालेले दिसतात.

सांजवारा

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. जुनी_कॅसेट, तुमचा विरोध मान्य, पण तुमच्या त्या खोलीतले लोक भाताच्या वाडग्याला उठले नाहीत हे माझ्याच बाजूने जातं.

'३६ चेंबर ऑफ शाओलिन'वर (१९७८) लिहायचं राहिलं होतं, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीचा, दिग्दर्शक लाऊ कार-लिउंग, गॉर्डन लिउ नायक. तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचू सत्तेने मास्तर, मित्र, घरचे सगळे मारलेत, पोरगा जखमी होऊन भाजीच्या गाडीत लपून शाओलिन मठात पोचतो. एक वर्ष झाडू मारतो. मग शिकायला परवानगी मिळते तर हा उतावळा सगळ्यात वरच्या खोलीतच जातो आणि फेकला जातो. मग खालून सुरुवात. पहिली खोली म्हणजे जेवणघराच्या दारातलं पाणी, त्यावर तरंगणारी लाकडं, त्यावर पाय देऊन पलीकडे गेलात तर जेवण. तो पडतो, ओला होतो, उपाशी राहतो, रात्री उठून एकटा सराव करतो. मग पाण्याच्या बादल्या हात ताणून चढावर न्यायच्या, दंडाला सुरे बांधलेले, हात खाली आला की टोक बरगडीत. मग लांब दांड्याच्या टोकाला वजन बांधून नुसत्या मनगटाच्या जोरावर घंटा वाजवायची. सिनेमाचा जवळजवळ अर्धा भाग हेच आहे, आणि कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक खोलीत तो आधी हरतो आणि कसा हरला ते आपल्याला नीट दिसतं.

खोल्या पस्तीसच असतात. सगळ्या पार केल्यावर त्याला विचारतात कुठल्या खोलीचा प्रमुख होणार, तर तो म्हणतो मला छत्तिसावी हवी, मठाच्या बाहेर, साध्या माणसांना शिकवायला. मठाला ते चालत नाही. मला तो सगळा सिनेमा त्या एका मागणीसाठी आवडतो.

जुनी_कॅसेट

आणि ती छत्तिसावी खोली खरंच कुठे कुठे उघडली बघा. न्यूयॉर्कच्या स्वस्त थिएटरांत हे सिनेमे लागायचे, तिथली काळी पोरं बघायची, आणि १९९३ला वू-टँग क्लॅन या तिथल्या रॅप ग्रुपने आपल्या पहिल्याच अल्बमच्या नावात '३६ चेंबर्स' घातलं. आमची पत्र्याची खोली आणि ते थिएटर, दोन्हीकडे सिनेमा एकच, खुर्च्या तेवढ्या वेगळ्या.

जॅकी चॅनचंही सांगतो. लहानपणी त्याला ऑपेरा शाळेत ठेवलं, आई-वडील ऑस्ट्रेलियात नोकरीला. पुढे स्टंटमनची कामं. ब्रूस ली गेल्यावर (२० जुलै १९७३) दिग्दर्शक लो वेईने याला दुसरा ब्रूस ली म्हणून उभं करायचा प्रयत्न केला, रागीट चेहरा, गंभीर गोष्टी, आणि ते सिनेमे पडले. मग त्याला दोन सिनेमांपुरता दुसऱ्या कंपनीला उसना दिला. ते दोन म्हणजे हाच साप-गरुडवाला आणि त्याच वर्षी आलेला 'ड्रंकन मास्टर'. दोन्हीत दिग्दर्शक युएन वू-पिंग, आणि म्हातारा मास्तर झालेला नट दिग्दर्शकाचा सख्खा बाप. त्यात जॅकीला ब्रूस लीसारखं न दुखणारं अंग दिलेलं नाही. लागलं की तो ओरडतो, हात झटकतो, पळतो. आमच्या खोलीतल्या माणसांना तो आपला वाटला तो त्यामुळे. मागावर बोट अडकलं की माणूस तसाच ओरडतो.

लालमाती

हे शंभर टक्के. पैलवानालाही लागतं, फक्त हौद्यात ओरडायचं नसतं.

मधुमालती

या धाग्यामुळे रविवारी आठ वर्षांच्या लेकीला १९८४चा दाखवला. मासे पकडायला गेलेल्या म्हाताऱ्याचा तिला भयंकर राग आला, उठून टीव्हीसमोर उभी राहिली. शेवटी मी रडले, ती नाही. तिने एकच विचारलं, की तो दुसरा मुलगा घरी गेल्यावर त्याचे सर त्याला ओरडले का? मला काय सांगावं सुचेना.

एडिसनवाला

तिला १९८६च्या दुसऱ्या भागाची पहिली काही मिनिटं दाखवा. त्याच रात्री, त्याच स्पर्धेच्या बाहेर पार्किंगमध्ये क्रीझ जॉनीची दुसऱ्या नंबरची ट्रॉफी मोडतो आणि त्याचा गळा धरतो, आणि मियागी येऊन जॉनीला सोडवतो. मुळात हा पहिल्या भागाचाच शेवट म्हणून लिहिलेला होता. जॉनीचं पुढचं सगळं 'कोब्रा काई'मध्ये आहे, २०१८ पासून, डॅनियल आणि जॉनी झालेले तेच दोघं नट चौतीस वर्षांनी परत आलेत, पण ती एवढ्या लहान मुलीला नको, भाषा शिवराळ आहे.

मधुमालती

म्हणजे मियागी त्यालाही सोडवतो. हे मला माहीतच नव्हतं. उद्या शाळा आहे तिची, शनिवारी लावते.